दाखल्यावर मदतनीस, फ्लेक्सवर परिचारिका

अक्का, तुला त्या प्रसूतिगृहाने फसवलं. बावीस वर्षं तिथली बाळंतपणं तू केलीस, रजिस्टरात नाव डॉक्टर मॅडमचं लागलं, आणि मधे, बाराव्या वर्षी, तू डिग्रीसाठी कॉलेजला जायला निघालीस तेव्हा अनुभवाच्या दाखल्यावर त्यांनी तुला 'मदतनीस' लिहिलं. त्या एका शब्दावर तुझी डिग्री अडली ती अडलीच. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी रस्त्याकडेच्या पाटीचं लिहीन, पेरूंचं लिहीन, तुझ्या चिडवण्याचं लिहीन, आणि वाचणारा म्हणेल, भाऊ हळवा झाला, राग निवला. निवलेला नाही.

तुला मातीत ठेवून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मी पेरूचा माल भरून निघालो होतो. टेम्पो वळला आणि समोर तू. तुझ्या हाताखालच्या अश्विनीच्या मोबाईलमधला फोटो कापून घेतलेला, डाव्या खांद्यामागे कुणाच्या तरी पदराचा तुकडा राहून गेलेला. खाली मेणबत्ती, गुलाबाच्या पाकळ्या आणि अक्षरं : 'आमच्या प्रसूतिगृहाच्या ज्येष्ठ परिचारिका रत्नमालाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मी गाडी बंद केली. मागून हॉर्न वाजत होते. मी ते दोनच शब्द परत परत वाचत होतो. ज्येष्ठ परिचारिका. एका कागदावर, एका ओळीत, एवढंच पाहिजे होतं तुला. तेव्हा लेटरहेडवर मावलं नाही. आता दहा फुटी फ्लेक्सवर मावलं.

मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. टेम्पोच्या टपावर चढलो आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. खालून चहावाला ओरडला, "अहो सायमनशेठ, बहिनीचा फोटू हाय त्यो!"

"म्हणूनच काढतोय," मी म्हणालो, आणि गुंडाळी करून खोक्यांवर टाकली. तिचं पुढे काय केलं ते शेवटी सांगतो. मधे तुझ्याशी बोलायचं आहे. चर्चमध्ये पाळक साहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितले होते, पण माझ्या तोंडून एकही निघाला नाही. आख्ख्या मार्केटात ज्याचा आवाज ऐकू येतो तो माणूस उभा राहिला आणि खाली बसला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरं झालं, नाहीतर तिथेही भाव करत बसला असता."

कोल्हारला मनमाडच्या रस्त्याकडेला आपण पाटी घेऊन बसायचो. आई लोकांच्या बागेत तोडणीला जायची आणि संध्याकाळी पदरात उरलासुरला माल बांधून आणायची. तू तेरा वर्षांची, मी नऊ. पाटी मी भरायचो. खाली बारके, डागी पेरू, वर चार मोठे, देठ वरच्या बाजूला, पानासकट. एक दिवस एक ट्रकवाला थांबला. म्हणाला, "गोड हायेत का रं?"

"साखर हाय साखर," मी म्हणालो.

तू मधेच बोललीस. "वरचे चार साखर हायेत. खालचे बारके हायेत, आन् दोन डागी."

तो माणूस खो खो हसला आणि आख्खी पाटी घेऊन गेला. मी तुझ्या वेणीला धरलं होतं. तू धंद्याची वाट लावलीस म्हणून रडत होतो. तू रिकामी पाटी माझ्या डोक्यावर पालथी घातलीस. "आरं बैला, पाटी संपली का न्हाई?"

अक्का, तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. माझा सगळा धंदा त्या एका पाटीवर उभा आहे. मालातला एक दोष आपणहून सांगायचा, मग गिऱ्हाईक बाकी सगळ्यावर विश्वास ठेवतं. लोक म्हणतात सायमनशेठ बेरकी आहे. ती बेरकी विद्या मी तुझ्या खरं बोलण्यातून चोरली. तू खरं बोलायचीस कारण तुला दुसरं काही येत नव्हतं. मी खरं बोलतो कारण त्याला भाव चांगला येतो.

तू मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला गेलीस. तीन वर्षांचा कोर्स. सुट्टीला आलीस की आमच्याबरोबर पेरू निवडायला बसायचीस, कारण तेव्हा मी नुकताच दुसऱ्याच्या गाळ्यावर निवडणीचं काम धरलं होतं आणि चार हात जास्त लागायचे. हाताने पेरू आणि तोंडाने हाडं. क्लॅव्हिकल, स्कॅपुला, ह्यूमरस. पुस्तक मांडीखाली. बायका विचारायच्या, "काय गं, शिव्या देतीस व्हय?" तू म्हणायचीस, हे खांद्याचं हाड, हे दंडाचं, आणि सगळ्यात मोठं मांडीचं, फीमर. त्या दिवसापासून आमच्यात सगळ्यात मोठ्या पेरूला फीमर म्हणतात. मी स्वतःचा गाळा घेतला तेव्हा तो शब्दही माझ्याबरोबर आला. मागे सुरतच्या एका व्यापाऱ्याने फोनवर फीमर म्हणून ऐकलं आणि विचारलं, ही नवीन जात कुठल्या नर्सरीतून आणली? मी म्हणालो, आमच्या अक्काच्या. तो रोपं मागत होता. हे तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की खोकला लागला, आणि खोकला थांबल्यावर म्हणालीस, "सायम्या, ती दोनशे सहा हाडं अजून पाठ आहेत मला. एक विसरले नाही." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मी फोन घ्यायला उठलो.

प्रसूतिगृहाची नोकरी मी ठरवली, हे तू कायम सगळ्यांना कौतुकाने सांगायचीस. तू नुकती पास झालेली, समोर टेबलापलीकडे मॅडम, आणि तुझ्या शेजारी मी, एकोणीस वर्षांचा, मिशीही नीट न आलेला. मॅडमनी एक आकडा सांगितला आणि मी उठून दाराकडे चाललो. तू घाबरून माझा शर्ट धरलास. मला माहीत होतं, दारापर्यंत गेल्याशिवाय खरा भाव निघत नाही. मॅडमनी परत बोलावलं. मी रविवारी चर्चला सुट्टी मिळवली, वरच्या मजल्यावरची खोली मिळवली, दरवर्षीची वाढ मिळवली. बाहेर आल्यावर आपण उसाचा रस प्यायलो. मी म्हणालो, "बघितलंस? काही न देता सगळं आणलं." तू ग्लासाच्या कडेने बोट फिरवत होतीस. तू काहीतरी म्हणालीस, मी ऐकलं नाही. त्या टेबलावर अजून एक गोष्ट झाली होती. ती नंतर.

मग माझा लाल तारा आला, माझ्या खोक्यांवरचा छाप. पहिल्यांदा स्वतःच्या नावाची खोकी छापून घेतली तेव्हा तुला दाखवायला एक घेऊन आलो होतो. तू खोक्याला हात लावून म्हणालीस, "हा बेथलेहेमचा तारा का रे? मग आता सुरतेहून ज्ञानी लोक उंटावर बसून येणार." चेष्टा कर, पण आलेच की नाही? त्या ताऱ्यावर डोळे झाकून माल जातो. एकाने तसाच तारा छापला तर मी त्याच्या गाळ्यावर जाऊन त्याची खोकी फाडली होती, दोन माणसांनी मला धरून आणलं. तू माझ्या कोपराला पट्टी बांधताना विचारलंस, "एवढं काय त्या ताऱ्याचं?"

मी म्हणालो, "अक्का, माल आज आहे, उद्या सडला. खोक्यावरचं नाव राहतं. नाव गेलं की माणूस हमाल."

तू पट्टीची गाठ जरा जोरातच आवळलीस. आता कळतं ती जोरात का होती.

कारण त्या वेळी तिकडे तुझं काय चाललं होतं? वाडीवस्तीवरच्या बाया तुझ्या भरवशावर येत होत्या. राहात्यापासून सोनईपर्यंतच्या लेकी पहिलटकरीण म्हणून माहेरी आल्या की त्यांच्या आया विचारायच्या, "रत्नाबाई हाय ना डूटीवर? मंग ठीक." मॅडमचे हात चांगले, मी खोटं बोलणार नाही. पोट कापायची वेळ आली की त्यांच्यासारखं कुणी नाही. पण सरळ बाळंतपण तुझं. मॅडम यायच्या तेव्हा बाळ रडून झोपलेलं असायचं. रजिस्टरात एक रकाना होता, प्रसूती कोणी केली. त्यात मॅडमचं नाव तुझ्याच अक्षरात. तूच लिहायचीस.

लोकांनी मात्र तो रकाना मानला नाही. बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवीचं जेवण असतं, आणि त्या जेवणाला बाळंतपण करणारीला बोलवायची आपल्याकडे रीत आहे. बोलावणं मॅडमना कधी गेलं नाही, तुला यायचं. एकदा तुला सोडायला मी मोटरसायकलवर एका वस्तीवर आलो होतो. आत पाटा मांडलेला, हळदकुंकू, आणि बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन, सटवाईने येऊन बाळाचं नशीब लिहायला. तू पूजेच्या वेळी ओसरीवर माझ्याजवळ बसलीस आणि जेवायला आत गेलीस. ते तुझं ठरलेलं होतं, आणि त्या लोकांनाही त्यात कधी वावगं वाटलं नाही. म्हातारीने तुला खण दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डागदरीन आली ती समदं झाल्यावर. माझ्या लेकीचा जीव ह्या बाईनं राखला. आमची सटवाई हीच."

तू हसून म्हणालीस, "आजी, मग तो कागद-पेन इकडं द्या की. एकदा माझंही नाव कुठंतरी लिहिते."

सगळे हसले. मीही हसलो. वाईट वाटतं ते याचं, अक्का, मीही हसलो.

ते खण तू कधी शिवले नाहीस. पत्र्याच्या ट्रंकेत एकावर एक रचले, प्रत्येकाच्या कोपऱ्याला चिठ्ठी टाचलेली, बाईचं नाव आणि गाव. मी म्हणायचो, विकून टाक, कसर लागेल. तू म्हणायचीस, तुझी खोकी तू विकतोस का?

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. नवीन लागलेल्या पोरींना बाईची तपासणी जमेना. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते बोटांच्या अंदाजाने ओळखायचं असतं, डोळ्यांना काही दिसत नाही. तू माझ्या गाळ्यावरून एक खोकं मागून नेलंस आणि त्याच्या पुठ्ठ्यात भोकं कापलीस, एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत. पोरींना डोळे मिटायला लावायचीस, दोन बोटं भोकात घालायची, सांग किती. चुकलं की परत. अलीकडे लागलेली अश्विनीही सांगते, आठवडाभरात तिचा अंदाज अर्ध्या सेंटिमीटरवर आला. तुझ्या हाताखालून किती पोरी गेल्या! कुणी सरकारी नोकरीला, कुणी पुण्याला. त्या डिग्री घेऊन तुला भेटायला यायच्या, पेढे द्यायच्या. एक तर कॉलेजात शिकवायला लागली, आणि तिने तिथे तुझाच पुठ्ठा बनवला म्हणे.

ती पेढे घेऊन आली त्याच दिवशी तू गाळ्यावर आलीस. निवडणी चालू होती. पेढ्याचा पुडा माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "सायम्या, मला डिग्री करायचीय. दोन वर्षांची असते, आम्हा डिप्लोमावाल्यांसाठी. मग मला कॉलेजात शिकवता येईल. मी शिकवतेच की आताही. फक्त मला कुणी टीचर म्हणत नाही."

मी म्हणालो, "कर की. अडलंय कुठं?"

अडलं होतं. फॉर्मला अनुभवाचा दाखला लागत होता. तो मागितला तर मॅडम म्हणाल्या, देते, आणि दिला. पाकीट तू बाहेर येऊन फोडलंस. बारा वर्षं 'मदतनीस' या पदावर समाधानकारक काम. कॉलेजच्या खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्याने दाखला दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, मदतनीस म्हणजे नर्सिंगचा अनुभव धरत नाहीत हो. दुरुस्त करून आणा." दुरुस्तीला गेलीस तर उत्तर मिळालं, रेकॉर्डला तसंच आहे. मग राहिली रजा. दोन वर्षं रजा मिळणार नाही, राजीनामा दे. राजीनामा दिला तरी दाखला तोच. म्हणजे आत राहून शिकायला बंदी, आणि बाहेर पडून शिकायला कागद नाही. आणि वर मॅडम प्रेमाने म्हणाल्या, "रत्ना, तू गेलीस तर लेबर रूम कोण बघणार गं?" तू इतकी कामाची होतीस की तुला सोडणं त्यांना परवडत नव्हतं, आणि कागदावर इतकी बिनकामाची की तुला कॉलेज घेत नव्हतं.

मी मग जे केलं ते चुकलं. भरल्या ओपीडीत जाऊन ओरडलो. गरोदर बाया बाकावर बसलेल्या, मी टेबलावर हात आपटतोय. तू लेबर रूममधून बाहेर आलीस, हातात ग्लोव्ह्ज, आणि सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "सायमन, आत बाई अडलीय. बाहेर हो." सायम्या नाही, सायमन. तीन महिने माझ्याशी बोलली नाहीस. नंतर बोललीस तेव्हा डिग्रीचा विषय निघाला की "पुढच्या वर्षी बघू". मग आईचं आजारपण आलं, आणि मग तूच म्हणायला लागलीस की आता या वयात पोरींच्या बाकावर काय बसायचं. मी प्रत्येक वेळी मॅडमना शिव्या दिल्या. नाताळच्या जेवणात, लग्नात, तुझ्या खोलीत चहा पिताना. "त्या बाईने तुझं नाव खाल्लं." दहा वर्षं तू ते ऐकून घेतलंस. कधी म्हणायचीस, "जाऊ दे रे." कधी पेरूच चिरायला घ्यायचीस. मला वाटायचं, तू भित्री आहेस.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात होतीस तेव्हा एक शिकाऊ पोरगी सलाईन बदलायला यायची. तू तिला विचारलंस, "कितव्या वर्षाला?" ती म्हणाली, "बीएस्सी नर्सिंग, तिसरं वर्ष." दुपारी मी डबा घेऊन आलो तर तिचं पुस्तक तुझ्या उशीवर. चष्मा लावून वाचत होतीस. मी म्हणालो, "आराम कर ना अक्का." तू पान उलटलंस आणि म्हणालीस, "यात सगळं मला येतंय रे. सगळं." तक्रार नव्हती आवाजात. खूश होतीस. पेपर हातात पडावा आणि सगळे प्रश्न ओळखीचे निघावेत, तशी.

आता फ्लेक्सचं सांगतो.

परवा, चर्चमधली स्मरणाची प्रार्थना उरकल्यावर, ती गुंडाळी घेऊन मी प्रसूतिगृहात गेलो. या वेळी ओरडलो नाही. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसलो. मग मॅडमच्या टेबलावर फ्लेक्स उलगडला. तो टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबला.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो सायमनभाऊ. मनापासून लावला. तुम्ही काढलात, वाईट वाटलं मला."

"परत लावतो. फक्त हेच दोन शब्द लेटरहेडवर लिहून द्या. या या साली लागल्या, परिचारिका म्हणून बावीस वर्षं बाळंतपणं केली. खाली सही."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचंही वय झालंय. "आता त्या दाखल्याचा काय उपयोग, भाऊ?"

"उपयोग नाही ना? मग देऊन टाका. ज्या मालाला भाव नाही तो कोण अडवून ठेवतं?"

त्यांनी उठून कपाटातून एक फाईल काढली आणि एक पिवळा पडलेला कागद माझ्यासमोर ठेवला. तुझं नेमणूकपत्र. पद : मदतनीस. खाली तुझी सही, आणि त्याच्या खाली, 'साक्षीदार, अटी वाचून मान्य', माझी. मिशी न आलेल्या पोराची सही, नावाखाली ऐटीत दोन रेघा मारलेल्या.

"मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "नर्स म्हणून लिहिलं तर बाकीच्या अटी मला परवडणार नाहीत. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

आठवलं. कागद बघताच सगळं आठवलं, उसाच्या रसाच्या चवीसकट. मी म्हणालो होतो, "पदाचं काय घेऊन बसलात मॅडम, काहीही लिहा. कागद काय भाकरीबरोबर खायचाय?" सौद्याचा साधा नियम आहे, ज्याची आपल्याला किंमत नाही ते आधी सोडायचं आणि ज्याची आहे ते ओढायचं. मी तुझं पद सोडलं आणि रविवारची सुट्टी ओढली. आणि रसाच्या गाड्यावर ग्लासाच्या कडेने बोट फिरवत तू जे म्हणालीस, जे मी ऐकलं नाही असं वर लिहिलंय, ते मी ऐकलं होतं. "सायम्या, कागदावर नर्स लिहायला सांगायचं होतंस ना रे." मी म्हणालो होतो, "पुढच्या वर्षी बघू."

मग वर्षभरात मी स्वतःचा तारा छापला. पुढे त्यासाठी लोकांची खोकी फाडली.

तुला हे सगळं ठाऊक होतं, अक्का. त्या कागदाची प्रत तुझ्या ट्रंकेत आहे, खणांच्या तळाशी, काल बघितली. दहा वर्षं मी तुझ्यासमोर बसून मॅडमना शिव्या देत होतो आणि तू एकदाही म्हणाली नाहीस, "सही तुझी आहे." ट्रकवाल्याला पाटीतला दोष सांगणारी तू. माझा दोष तेवढा झाकून ठेवलास, वर चार मोठे पेरू रचलेस, लोकांना सांगत राहिलीस की माझ्या भावाने मला नोकरी लावली. आयुष्यात एकदाच खोटं बोललीस आणि ते माझ्यासाठी. त्याचे आभार मी कसे मानू, आणि कुणाला? भित्रा आपल्या घरात एकच होता, आणि तो टेबलावर हात आपटत होता.

फ्लेक्स परत गुंडाळून मी दाखल्याशिवायच निघालो तेव्हा अश्विनी जिन्यात थांबली होती. लेबर रूममधला तुझा पुठ्ठा तिने मला दाखवायला आणला होता. हात लागून लागून भोकांच्या कडा मऊ झाल्यात. मागे वळवून बघितला तर कोपऱ्यात लाल तारा. त्या आख्ख्या इमारतीत तुझ्या हातची ती एक वस्तू, आणि तिच्यावरही नाव माझंच. मी परत दिला. पोरींना लागतो.

"माझ्या कागदावर पन मदतनीसच हाय, मामा," अश्विनी हळूच म्हणाली. "मलाबी फॉर्म भरायचाय यंदा."

म्हणून मॅडम, आता तुमच्याशी. तुम्ही हे वाचणार, गावातलं कुणीतरी तुम्हाला दाखवणारच. अर्धा दोष माझा, तो मी वर लिहिला, पानासकट. पण मी एकदा सही केली आणि विसरलो. तुम्ही बावीस वर्षं रोज ते रजिस्टर बघितलंत. रत्नमालाचा दाखला आणि अश्विनीचं नेमणूकपत्र, दोन कागद, पद : परिचारिका. याच्या बदल्यात माझ्याकडे सोडायला काही नाही आणि मी दाराकडेही जाणार नाही. सोमवारी ओपीडी संपली की मी बाकावर असेन. फ्लेक्स आणीन, ट्रंकही आणीन, चिठ्ठ्या वाचायला ज्या बाया येतील त्यांनाही आणीन. त्यांच्यासमोर आपण दोघांनी सांगायचं आहे, तिचं नाव कुठे गेलं. आधी तुम्ही की आधी मी? बोला.